चतुर्थांश घर आणि मावशीचा फ्रिज

आमच्या स्वयंपाकघरात दोन दारांचा एक फ्रिज आहे. २०११ साली घेतलेला. अजून चालतो, फक्त रात्री दोनच्या सुमाराला एकदा कण्हतो. तो मावशीच्या पैशांतून आलेला आहे. मृत्युपत्रात संस्थांना काही ठेवायचं, हे मी गेल्या काही वर्षांत ठरवलं असं सगळ्यांना सांगते, पण त्याचं मूळ त्या फ्रिजमध्ये आहे.

मावशी शिक्षिका होती. लग्न केलं नाही. सगळी नोकरी एकाच शाळेत, शास्त्र शिकवण्यात गेली. ती गेली तेव्हा तिची भावंडं आधीच गेलेली होती. मागे आम्ही पाच भाचरं. कपाट आवरताना डायरीच्या शेवटच्या पानावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं सापडलं, 'माझ्या मागे बँकेतली ठेव शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावी.' खाली तारीख आणि सही. ठेव सात लाखांची. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी बँकेत होते आणि मयत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल तेव्हा माझ्याचकडे होतं. मी पान उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "साक्षीदार नाहीत. हे मृत्युपत्र म्हणून चालणार नाही."

ते खरंच होतं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, साध्या वहीच्या पानावर हाताने लिहिलेलंही चालतं. पण दोन साक्षीदार हवेतच. करणाऱ्याने सही केलेली त्यांनी पाहिलेली असावी, किंवा 'ही माझी सही' असं त्याने त्यांना सांगितलेलं असावं, आणि त्याच्यासमोर त्यांनी स्वतःच्या सह्या केलेल्या असाव्यात. मावशीच्या पानावर तिच्याशिवाय कोणीच नव्हतं. कागद चालत नव्हता हे खरं, पण आम्ही पाचही जण तर धडधाकट होतो. ठरवलं असतं तर ठेव मोडून शाळेला देता आली असती, कोणी अडवणार नव्हतं. एक मावसभाऊ म्हणालाही, "पण मावशीची इच्छा तर स्पष्ट आहे." कोणी काही बोललं नाही. चहा आला. प्रत्येकी एक लाख चाळीस हजार.

त्यातले काही फ्रिजला गेले, बाकीचे कुठे गेले ते आठवतही नाही.

२०२४ च्या जूनमध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' अशी ओळ होती आणि भाचीने तिथे स्वतःचं नाव लिहिलं. आम्हाला मूलबाळ नाही. हे २०१६ साली गेले. घरी पडून असताना मला माझंच जुनं टेबल आठवायला लागलं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे विधवा आणि निपुत्रिक बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेलं सगळं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे आईवडील, तिची भावंडं नंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं माहेरी परततं. मी हे काउंटरवर कितीतरी जणांना शांतपणे समजावून सांगितलं होतं. एका नर्सबाईंची आयुष्यभराची ठेव गावाकडच्या पुतण्यांना गेली. शेवटची चार वर्षं त्यांना सांभाळणारी बहीण समोरच्या बाकड्यावर बसून होती. तेव्हा मी फक्त म्हणाले होते, "नियम आहे, ताई."

तर मृत्युपत्र करायचं, अर्धं नातेवाइकांना आणि अर्धं दानात, एवढं डोक्यात घेऊन मी ऑगस्टमध्ये काठी टेकत ठाण्याच्या कोर्ट नाक्याला गेले. भाचीने शोधून दिलेल्या वकीलबाई पन्नाशीच्या, फटकळ. त्यांनी आधी यादी मागितली. मी बँकेतली बाई, यादी तयारच होती. पाचपाखाडीतलं वन बीएचके, ठेवी, थोडे म्युच्युअल फंड, लॉकर, पेन्शन खातं, प्रत्येकापुढे नॉमिनीचं नाव. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नॉमिनी लिहिलेत ते छान, पण मालक कोण होणार ते यावर ठरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको." नकोच होतं. नॉमिनी हा मालक नव्हे, हमाल, हे वाक्य मी स्वतः वापरत असे. पैसे घ्यायचे आणि खऱ्या वारसांपर्यंत पोचवायचे. शेअर आणि फंडांच्या बाबतीत वेगळं आहे असा काहींचा समज होता, तोही डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला.

मग त्यांनी घराचा करारनामा उघडला. दोघांची नावं, निम्मं निम्मं.

"साहेब गेले, तेव्हा त्यांची आई होती?"

"होत्या. सासूबाई २०१९ ला गेल्या."

"साहेबांचं मृत्युपत्र?"

"नाही."

"मग चतुर्थांश घर तुमचं नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव आहे, मेंटेनन्स मी भरते, मालमत्ता कराचं बिल माझ्या नावाने येतं. त्या म्हणाल्या, ते सगळं नॉमिनेशनवर झालंय. यांचा अर्धा वाटा मृत्युपत्राअभावी दोघींत विभागला गेला, बायको आणि आई, सारखा. म्हणजे अर्ध्याचं अर्धं सासूबाईंचं झालं. सासूबाई गेल्यावर ते त्यांच्या हयात मुलांचं. माझे दीर आणि नणंद. आधी वारलेल्या मुलाची बायको सासूची वारस लागत नाही. सासूबाईंना तरी कुठे ठाऊक होतं! शेवटची तीन वर्षं माझ्या घरात राहताना त्या स्वयंपाकघरातली भांडी कुठे ठेवायची हेसुद्धा मला विचारून करायच्या, आणि पाव घर त्यांचं होतं.

दुसऱ्यांच्या बाबतीत शेकडो वेळा बोललेली गोष्ट स्वतःच्या उंबरठ्याला लावून पाहायची बुद्धी आठ वर्षांत मला झाली नाही. घरी येताना रिक्षात मला दानबिन काही सुचेना. जे माझं नाहीच ते मी वाटायला निघाले होते. आणि हे काही पहिल्यांदा होत नव्हतं.

उपाय सरळ होता. दीर-नणंदेने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं, किंवा त्यांचा वाटा सोडून मी माझ्या पाऊण घरापुरतं लिहायचं. भावजी डोंबिवलीला. फोनवर म्हणाले, "वहिनी, मला काय कळतंय त्यातलं, कुठे सही करायची सांगा." पुण्याच्या वन्सं तशा नाहीत. त्या माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या आणि आयुष्यभर हिशोबाच्या पक्क्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आईचा वाटा मी तुला सोडायचा, आणि तू तो परक्यांना देणार."

मी म्हणाले, "असंच काहीसं."

"विचार करते."

तीन आठवडे फोन नाही. त्या काळात मी त्यांना मनातल्या मनात बरंच काही म्हणून घेतलं, ते इथे लिहीत नाही. गणपती उरकल्यावर फोन आला. "मी सही करीन. पण तो आईचा वाटा आहे ना, मग आईच्या नावाने जाऊ दे. तुझ्या नावाने नको. आणि मुलींच्या शाळेसाठी जाऊ दे. तिची चौथीतून सुटली होती, ठाऊक आहे ना तुला?" ठाऊक होतं. मुरबाडकडचं गाव, पाणी आणायला घरात बाई हवी म्हणून शाळा सुटली. म्हातारपणी सासूबाई पेपरची मोठी अक्षरं लावून लावून वाचायच्या आणि एखादं जोडाक्षर अडलं की हाक मारायच्या. माझ्या डोक्यात संस्था कोणती, पैसा कशासाठी, याचं काहीच ठरत नव्हतं. ते वन्संनी एका वाक्यात ठरवून टाकलं. त्या ठाण्याला आल्या, हक्कसोडपत्रावर सही-अंगठा केला, आणि राम मारुती रोडवर साडी घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या.

आता संस्था. इथे मी बऱ्याच चुका केल्या. पहिली म्हणजे जाहिराती पाहून एका मोठ्या संस्थेला फोन केला. नाव घेत नाही. दोन दिवसांत टॅब घेतलेला एक मुलगा घरी हजर. गोड बोलला, पुस्तिका दिली, आणि निघताना "फ्लॅटची किंमत साधारण किती असेल, मॅडम?" हेही विचारलं. मग दर महिन्याच्या सुरुवातीला फोन, "तब्येत कशी आहे, मॅडम?" माझी तब्येत बरी आहे हे ऐकून त्याला नेमकं काय वाटत असेल, याचा विचार करून मला हसू यायचं. तिसऱ्या फोनला मी नंबर ब्लॉक केला.

दुसरी संस्था ओळखीतून कळली. शहापूर तालुक्यात मुलींचं वसतिगृह चालवतात. कोषाध्यक्ष निवृत्त मास्तर. मी मृत्युपत्राचं सांगितलं तर ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे आत्ता काही नाही का? पाण्याच्या टाकीला तडा गेलाय." मला तो माणूस आवडला. टाकीसाठी दहा हजार पाठवले, मुख्यतः काय होतं ते पाहायला. आठ दिवसांत पावती आली, त्यावर नोंदणी क्रमांक, पॅन, सगळं. वर टाकीचा फोटो, ओल्या सिमेंटसकट. मी तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागितले, तेही न कुरकुरता दिले. ऑडिट रिपोर्ट वाचणं हा माझा जुना उद्योग. पगारावर किती, प्रवासावर किती, ठेवी मोडून चालवतायत का, एवढं पाहिलं.

नोंदणी क्रमांक मात्र धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीशी पडताळून घ्यावा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात आणि प्रत्येकीला जिल्ह्याचं नाव जोडलेला क्रमांक असतो, बहुतेकदा ई किंवा एफ या अक्षराने सुरू होणारा. हे महत्त्वाचं अशासाठी, की आपल्याकडे सेवा, विकास, मंडळ आणि प्रतिष्ठान या चार शब्दांतच सगळ्यांनी आपली बारशी उरकलेली आहेत. एकाच तालुक्यात जवळजवळ त्याच नावाची दुसरी संस्था निघाली. मी बोलीभाषेतलं नाव लिहिलं असतं तर माझ्या मागे दोघी भांडत बसल्या असत्या.

तिसरं म्हणजे घरी येऊन शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारा ठाण्यातला एक गट. यांच्या शेवटच्या दीड महिन्यात ते यायचे. तिथे मी काही तपासलं नाही. खरं तर तपासायला हवं होतं, वकीलबाईंनी नंतर तपासायला लावलंच.

मास्तरांच्या एका हिशोबनीसाने मला मोठ्या उत्साहाने सांगितलं, "मॅडम, ८०जी आहे आमच्याकडे, कर वाचेल!" मी विचारलं, मेल्यावर कोणाचा? तो ओशाळला. ८०जी ही तेव्हाच्या आयकर कायद्यातली सवलत, ती देणाऱ्याला जिवंतपणी दिलेल्या देणगीवर. आणि मालमत्तेवरचा मृत्यू-कर आपल्याकडे १९८५ मध्येच गेला, त्यामुळे संस्थेला ठेवल्याने कराचा एक पैसा वाचत नाही आणि न ठेवल्याने जात नाही. परदेशी लेखांत करबचतीचं जे असतं ते इथे लागू नाही. द्यायचं तर द्यायचं म्हणून.

मसुद्याच्या बैठका चार झाल्या. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'वसतिगृहास रुपये पाच लाख'. वकीलबाईंनी काट मारली. "उद्या आयसीयूत वीस दिवस काढलेत तर हे पाच लाख कुठून येणार? आणि वीस वर्षं जगलात तर पाच लाखांत काय येईल?" आकडा लिहायचा नाही, हिस्सा लिहायचा. कर्ज, दवाखाना, अंत्यसंस्कार, कज्जेखर्च फिटल्यावर जे उरेल त्याचा. त्याशिवाय 'वर न लिहिलेली आणि पुढे मिळणारी उर्वरित मालमत्ता' असं एक वाक्य हवंच, नाहीतर विसरलेली एखादी ठेव पुन्हा कलम १५ च्या वाटेला लागते.

घर तसंच्या तसं संस्थेला द्यावं, असं माझ्या मनात होतं. तेही खोडलं. सार्वजनिक विश्वस्तसंस्थेच्या नावावर स्थावर मालमत्ता आली की तिची धर्मादाय कार्यालयात बदल नोंद करावी लागते, आणि पुढे विकायची झाली तर कलम ३६ खाली आधी परवानगी. शहापूरच्या मास्तरांनी पाचपाखाडीतल्या फ्लॅटचं काय करायचं? मेंटेनन्स भरत बसायचं? म्हणून असं ठरलं, की एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याने, घर विकायचं आणि रक्कम वाटायची. चौथा हिस्सा सासूबाईंच्या स्मरणार्थ वसतिगृहाला, चौथा हिस्सा त्या रुग्णसेवेच्या गटाला, उरलेलं अर्धं भाचरं आणि पुतणे यांत. ठेवी आणि फंड भाचीला.

मला 'संगणक कक्षासाठी' असं घालायचं होतं. मास्तरच नको म्हणाले. "बाई, बांधू नका. पूर्वी एकाने टाइपरायटरसाठी म्हणून देणगी ठेवली होती. ती रक्कम आम्हाला धड वापरताही येईना, परतही करता येईना." मग 'मुलींच्या शिक्षणासाठी, विश्वस्तांना योग्य वाटेल तसे' इतकंच राहिलं. आणि संस्था त्या वेळी बंद असेल किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर त्याच हेतूच्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला, एक्झिक्युटर निवडेल तिला.

ढोबळपणाचं मी हसत विचारलं, "नुसतं 'धर्मकार्याला' लिहिलं तर?" वकीलबाईंचा चेहरा उजळला, हा त्यांचा आवडता विषय निघाला. १८९९ मध्ये मुंबईकडचंच एक प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यांत वरच्या कोर्टापर्यंत गेलं. मृत्युपत्रात 'धर्म' एवढंच लिहिलेलं. तिथल्या न्यायमूर्तींनी ठरवलं की हा शब्द इतका मोघम आहे की दान रद्द. आपल्या आज्यांना ज्या शब्दाचा अर्थ न शिकवता कळायचा तो लंडनला कळला नाही! मग १९५० च्या कायद्यात कलम १० घालून दुरुस्ती झाली, की 'धर्म', 'धर्मादाय', 'पुण्यकार्य' असल्या हेतूंसाठीची सार्वजनिक व्यवस्था केवळ मोघम आहे म्हणून रद्द ठरणार नाही. "तरीही," त्या म्हणाल्या, "तुम्ही नोंदणी क्रमांकच लिहा."

नेत्रदानाचं कलमही मी घातलं होतं. ते बाहेर पडलं. मृत्युपत्र उघडतात तेराव्यानंतर, आणि डोळे काढावे लागतात सहा तासांच्या आत. त्याचं वेगळं कार्ड भरलं आणि मृत्युपत्राची प्रत कुठल्या कपाटात आहे त्या चिठ्ठीसोबत फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावून टाकलं.

एक्झिक्युटर भाची. माझ्या भावाची मुलगी, अडतीस वर्षांची, सीए, घोडबंदर रोडला राहते. हे तिला सांगणं सगळ्यांत अवघड जाईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आत्या, मला काम लावलंस त्याचे पैसे वेगळे घेईन." नंतर मात्र तिच्या आईचा, माझ्या वहिनीचा फोन आला, "आमच्याकडून काही चुकलं का हो?" तिला मी काय सांगितलं ते नीट आठवत नाही. समजूत पटली असं वाटत नाही. दिवाळीला फराळ आला, पण दरवर्षी येतात त्या करंज्या त्यात नव्हत्या.

प्रोबेटचंही, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याचंही, विचारून ठेवलं. त्या वेळच्या नियमाने मुंबईतलं घर असतं तर मृत्युपत्रावर हायकोर्टाचं प्रोबेट घ्यावंच लागलं असतं. ठाण्यातल्या माणसाने ठाण्यात केलेल्या, ठाण्याच्या घराच्या मृत्युपत्राला ते बंधन नव्हतं. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे राहतो याचा एवढा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

साक्षीदार दोन. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे असे नकोत, आणि शक्यतो आपल्याहून लहान हवेत; आत काय लिहिलंय ते त्यांनी वाचायची गरज नाही. एक आमचे डॉक्टर. त्यांनी मी 'स्थिर बुद्धीची' असल्याचा दाखला दिला. तो सक्तीचा नाही, पण उद्या कोणी म्हटलं म्हातारी भ्रमात होती, तर कामी येतो. दाखला देण्यापूर्वी त्यांनी तारीख विचारली, मी तिथीसकट सांगितली. दुसरे शेजारी, वसईकडचे ख्रिस्ती. त्यांनी सही करता करता एक गोष्ट सांगितली. त्यांच्या आजोबांनी चर्चच्या दवाखान्याला वाडीचा तुकडा लिहून ठेवला होता आणि पाच महिन्यांत ते वारले. त्या वेळी ख्रिस्ती माणसाला जवळचे नातेवाईक असतील, तर धर्मादायासाठी केलेलं मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी झालेलं असावं लागे, आणि करून सहा महिन्यांत सरकारी ठिकाणी जमाही करावं लागे. तुकडा दवाखान्याला गेला नाही. ते कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली भेदभाव करणारं म्हणून रद्द केलं. आजोबांना त्याचा काही उपयोग नव्हता. "पण वाडी आम्हाला मिळाली," शेजारी म्हणाले आणि जरा अवघडले. मी काही बोलले नाही. मला त्यांचं अवघडणं चांगलंच ओळखीचं होतं.

नोंदणी ऐच्छिक, तरी केली. पहिल्या दिवशी आधारवर आणि पॅनवर यांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला सर्व्हर बंद. डॉक्टरांचा दवाखाना दोन सकाळी माझ्यामुळे बंद राहिला याची मला फार लाज वाटली. तिसऱ्या खेपेला, नोव्हेंबरात, झालं. फोटो, अंगठे, सह्या. नोंदणीची फी तेव्हा १०० रुपये होती, वर पानामागे २० रुपये हाताळणीचे. एवढ्या मोठ्या गोष्टीला मिसळ-पावाहून थोडा जास्त खर्च. वकीलबाईंची फी अर्थात निराळी. भाचीला त्यांनी बाहेर बसवलं आणि अधिकाऱ्याने मला विचारलं, कोणाचा दबाव नाही ना, राजीखुशीने करताय ना. संगणकावरचा मुलगा मजकुरावर नजर टाकत होता.

"काकू, मुलं नाहीत का?"

"नाहीत."

"भाचेबिचे?"

"आहेत. त्यांनाही ठेवलंय."

"मग ठीक आहे," म्हणत त्याने शिक्का मारला. परवानगी त्यानेच दिल्यासारखी.

राहिली मावशी. तिच्या पैशांसाठी मी मृत्युपत्रात कलम करायला निघाले होते, तेव्हा वकीलबाई एवढंच म्हणाल्या, "हे कशाला माझ्या मरणापर्यंत थांबवताय?" 'तुमच्या' म्हणायचं होतं त्यांना, जीभ घसरली, पण मुद्दा पोचला. मी कागद घेतला. एक लाख चाळीस हजार, तेरा वर्षं, दरसाल आठ टक्के चक्रवाढ. सुमारे तीन लाख ऐंशी हजार झाले. ते मला झेपणार होते. मावशीच्या शाळेत गेले तर मराठी माध्यमाचे वर्ग बंद झालेले. प्रयोगशाळेच्या खोलीत आता इंग्रजी माध्यमाची नर्सरी भरते, भिंतीवर कार्टूनची अस्वलं. मुख्याध्यापिका अदबीने म्हणाल्या, देणगी घेऊ, पण प्रयोगशाळेसाठी नाही. मी चहा घेऊन परत आले. मग मास्तरांनीच वसतिगृहातल्या मुली जिथे शिकतात त्या आश्रमशाळेचं नाव सुचवलं.

बाकी चौघांना मी मुद्दाम कळवलं नाही. आरशासमोर दुसऱ्याला उभं करायचा मला काय अधिकार? पण 'इच्छा तर स्पष्ट आहे' म्हणालेल्या त्या मावसभावाला कुठून तरी कळलं. एक दिवस माझ्या खात्यावर त्याचे चाळीस हजार जमा झाले. सोबत ना फोन, ना मेसेज. मी ते पुढे पाठवून पावती त्याच्या नावाची घेतली.

वन्संचाही फोन येऊन गेला. वकीलबाईंचा नंबर हवा होता, आणि पुण्याला येऊन काम करतील का, किती घेतात, दोघींचं मिळून केलं तर कमी करतील का. दुसरी कोण, ते सांगितलं नाही.

फेब्रुवारीत आश्रमशाळेतून फोटो आला. लांब टेबल, दोन सूक्ष्मदर्शक, परीक्षानळ्यांचा स्टँड, मागे दोन वेण्यांतल्या मुली, आणि दारावर रंगवलेली पाटी. पाटीवर मावशीचं पूर्ण नाव. आडनावातली दुसरी वेलांटी ऱ्हस्व झालीय. मावशीने तिथल्या तिथे लाल पेन काढलं असतं. मी मुख्याध्यापकांना कळवलं. ते म्हणाले, पेंटर आता मे महिन्यात येईल, तेव्हा करून घेऊ.